कोबाल्टचा एक अणू

आई पुढे चालत होती आणि तिची उजव्या पायातली चप्पल चार पावले मागे पडून राहिली होती. नागपूरच्या आमच्या घरासमोरील गल्लीत, डिसेंबरमधल्या एका सकाळी, आमच्यातल्या थोरलीने हे पाहिले. आई दुधाची पिशवी आणायला निघाली होती. एक पाय चपलेत, दुसरा अनवाणी, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. थोरलीने चप्पल उचलून हाक मारली, तेव्हा आईने आधी चपलेकडे पाहिले, मग स्वतःच्या पायाकडे, जणू तो पाय दुसऱ्या कोणाचा असावा. "वय झालं माझं, आणखी काय," असे म्हणून ती हसली.

आम्ही दोघी बहिणी गेली पंधरा वर्षे इंग्लंडमध्ये राहतो. थोरली हिशेब तपासण्याचे काम करते. धाकटी जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. जिवाणूंच्या पटलात राहून धातूने बांधलेली पोषकद्रव्ये पेशीच्या आत आणणारी प्रथिने, हा तिच्या रोजच्या कामाचा विषय. प्रस्तुत लेख आम्ही दोघींनी मिळून लिहिला आहे. शास्त्रातले जे काही यात आहे ते धाकटीचे आणि त्याला विचारलेले प्रश्न थोरलीचे, एवढाच काय तो भेद. जे घडले त्याची जबाबदारी मात्र आम्हांला वेगळी वाटून घेता आलेली नाही.

त्या रात्री थोरलीने फोनवर चपलेची गोष्ट सांगितली. गंमत म्हणूनच सांगितली होती. पलीकडे धाकटी बराच वेळ बोलली नाही. मग तिने एकामागून एक विचारले: पायांना मुंग्या येतात का? अंधारात चालताना तोल जातो का? जीभ लाल, गुळगुळीत दिसते का? नावे विसरते का? सगळ्यांचे उत्तर होकारार्थी होते. फोनवर बोलताना आई नातवंडांच्या नावांची अदलाबदल करते हे आम्हां दोघींनाही वर्षभरापासून ठाऊक होते. आम्ही त्यावर हसतही होतो.

"ताई, तिची बी-१२ची तपासणी शेवटची कधी केली?"

ती कधीच केलेली नव्हती. आणि ज्या आठवड्यात हे संभाषण झाले, त्याच आठवड्यात धाकटी प्रयोगशाळेत बी-१२च्या लालभडक द्रावणासमोर बसून, एक जिवाणू हे जीवनसत्त्व आपल्या दारातून आत कसे घेतो याच्या नोंदी करीत होती.

ती लाली कोबाल्टची. थोरलीला आकडे आवडतात म्हणून तिच्यासाठी धाकटीने पहिल्याच दिवशी हिशेब मांडून दिला. औषधाच्या बाटलीत जे सायनोकोबालामिन असते, त्याच्या एका रेणूत १८१ अणू असतात. कार्बनचे ६३, हायड्रोजनचे ८८, नायट्रोजन व ऑक्सिजनचे प्रत्येकी १४, फॉस्फरसचा एक आणि कोबाल्टचा एक. हा कोबाल्ट मधोमध बसतो, चार नायट्रोजन त्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात, आणि उरलेला सारा पसारा त्याच्या भोवती. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या रेणूची रचना १९५०च्या दशकात उलगडली आणि १९६४ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. संगणक बाल्यावस्थेत असताना, संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांनी त्यांनी हे काम केले. धाकटीच्या टेबलासमोर त्यांचे छायाचित्र आहे.

एवढा गुंतागुंतीचा रेणू या पृथ्वीतलावर घडवतात फक्त जिवाणू आणि त्यांच्यासारखेच दुसरे सूक्ष्मजीव, आर्किया. वनस्पतीला तो करता येत नाही, प्राण्यालाही नाही. गाईच्या वा शेळीच्या पोटातले जिवाणू गवतातल्या लेशमात्र कोबाल्टापासून तो तयार करतात, म्हणून तो दुधात आणि मांसात उतरतो. आमच्या लहानपणी घरात रविवारी मटण, एरवी सुकी मासळी आणि अंडी असत. बाबा गेल्यावर आईने हे सारे सोडले. कोणी सांगितले म्हणून नव्हे. एकटीसाठी काय शिजवायचे, हा तिचा प्रश्न होता. दूध चहापुरते. दही सोसत नाही म्हणून नाही. वरण, भात, भाजी, पोळी या तिच्या ताटात उणे काही नव्हते, फक्त हा एक अणू नव्हता.

आता जिवाणूकडे वळू. ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा, प्रयोगशाळांचा लाडका जिवाणू. त्यालाही बी-१२ मुळापासून करता येत नाही. बाहेरून आणावे लागते. आणि त्याच्याभोवती एक नव्हे, दोन पटले असतात. बाहेरच्या पटलाला बारीक छिद्रे आहेत, पण त्यांतून साखर, आमिनो आम्ले असे लहान रेणूच शिरू शकतात; रेणुभार सहाशेच्या आसपास गेला की वाट बंद. बी-१२चा रेणुभार आहे १३५५. शिवाय आतड्यात ते इतके विरळ असते की छिद्र मोठे करून वाट पाहत बसण्यातही अर्थ नाही. मग जिवाणूने त्या एकाच पाहुण्यासाठी स्वतंत्र दार ठेवले. त्या दाराचे नाव बीटीयू-बी. यातले 'बीटीयू' म्हणजे 'बी-ट्वेल्व्ह अपटेक' या शब्दांचे लघुरूप. शास्त्रज्ञांची नावे ठेवण्याची पद्धत अशी रुक्षच असते.

हे दार दिसते कसे? पुढे कधीतरी धाकटीने आईला लॅपटॉपवर त्याचे चित्र दाखवले, तेव्हा आई लगेच म्हणाली, "ही तर कणगी आहे." आम्ही याहून चांगली उपमा आजवर कोणत्याही व्याख्यानात ऐकलेली नाही. प्रथिनाच्या बावीस पट्ट्या बांबूच्या कामट्यांसारख्या शेजारीशेजारी गुंफून ही कणगी बनते आणि पटलात आरपार उभी राहते. पण ती पोकळ नसते. तिच्या पोटात त्याच प्रथिनाचा एक भाग बोळ्यासारखा घट्ट बसलेला असतो. वरच्या तोंडाशी जे वेटोळे आहेत, ते कॅल्शियमच्या साहाय्याने नीट बसतात आणि बी-१२ला नेमके ओळखून धरतात. एका जिवाणूच्या अंगावर अशी दारे जेमतेम दोनशे-तीनशे.

पाहुणा येऊन बसला, तरी बोळा जागचा हलत नाही. येथे थोरलीने प्रश्न केला होता, आणि तो अगदी मर्मावरचा होता: "दार उघडायला जोर लागणार. तो जोर बाहेरच्या पटलाला देतो कोण?" कारण बाहेरचे पटल छिद्रांनी भरलेले, त्याच्या दोन बाजूंना विद्युतभाराचा वा आम्लतेचा फरक टिकून राहत नाही. पेशीचे चलन असलेला एटीपीचा रेणूही तेथवर पोहोचत नाही. ऊर्जा आहे ती आतल्या पटलापाशी. आतल्या पटलाबाहेर प्रोटॉनांची गर्दी असते आणि ते आत यायला धडपडत असतात. धरणाच्या भिंतीआड पाणी साठावे तसे हे. तेथे एक्सबी-बी आणि एक्सबी-डी नावाच्या प्रथिनांचे यंत्र त्या ओघावर चालते, आणि त्याला जोडलेला टॉन-बी नावाचा एक लांब हात दोन पटलांमधली जागा ओलांडून बाहेरच्या दारापर्यंत पोहोचतो.

बी-१२ दारात बसले की बोळ्याचे खालचे टोक सुटून आतल्या बाजूला लोंबू लागते. हीच खूण. टॉन-बी ते टोक पकडतो आणि ओढतो. २०१७ साली लीड्स व ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी अतिशय सूक्ष्म सुईने हे ओढणे प्रत्यक्ष मोजून दाखवले. ओढल्यावर सगळा बोळा बाहेर येत नाही, स्वेटरचा धागा ओढावा तसा त्याचा एक भाग उसवतो आणि पाहुण्यापुरती वाट होते. आमच्या मते या साऱ्या यंत्रणेत सर्वांत देखणी गोष्ट हीच. दार आधी ओळखते, मग आत निरोप देते, मग आतून कोणी येऊन ते उघडते. ओळख पटलीच नाही तर निरोपच जात नाही.

पुढचा प्रवास सोपा नाही, पण सांगायला थोडा आहे. दोन पटलांमधल्या जागेत बीटीयू-एफ हे प्रथिन बी-१२ला दोन तळव्यांत धरल्यासारखे धरते आणि आतल्या पटलातल्या बीटीयू-सीडी या वाहकाच्या हवाली करते. या वाहकाची रचना २००२ साली समजली, बाहेरच्या दाराची २००३ साली. आतला वाहक एटीपी मोडून काम करतो. एका फेरीला दोन रेणू खर्ची पडतात असे मानले जाते. म्हणजे एका रेणूला आत आणण्यासाठी प्रोटॉनांचा ओघ वेगळा, एटीपी वेगळा, पाचसहा प्रथिने घडवण्याचा खर्च वेगळा. "एवढ्या खर्चाला मंजुरी कोण देतं?" इति थोरली. मंजुरीची व्यवस्थाही आहे. पेशीत बी-१२ पुरेसे झाले की त्याचे एक रूप थेट दार घडवण्याच्या आज्ञापत्रालाच, म्हणजे आरएनएला, जाऊन चिकटते. आज्ञापत्र दुमडते आणि नवे दार बनणे थांबते. ही गोष्टही २००२मध्येच उघड झाली. हिशेबाच्या दृष्टीने थोरलीला यात एकही दोष काढता आला नाही.

लोखंडाची कथा अशीच आहे, किंबहुना अधिक झुंजीची. आपले शरीर जिवाणूंना लोह सहजी मिळू देत नाही, म्हणून जिवाणू लोह पकडणारे लहान रेणू बाहेर सोडतात आणि लोहासकट ते अशाच कणग्यांतून परत ओढून घेतात. पण ओळखीवर उघडणारे दार फसवताही येते. जिवाणूंना मारणारे काही विषाणू याच दारांना येऊन चिकटतात. टॉन-बीच्या नावातला 'टॉन' हा टी-वन नावाच्या विषाणूवरून आलेला आहे, आणि १९४३ साली लुरिया व डेलब्रुक यांनी आपला गाजलेला प्रयोग याच विषाणूवर केला. २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले सेफिडेरोकॉल हे प्रतिजैविक लोह धरून असेच आत शिरते. जिवाणू त्याला स्वतःच्या हाताने घरात ओढून नेतो. या गोष्टी सांगताना धाकटीचा आवाज नेहमी चढतो. त्या रात्री फोनवर मात्र तो चढला नव्हता.

कारण दारे आईच्याही शरीरात आहेत, आणि ती काही कमी कठीण नाहीत. आपल्या लाळेतले एक प्रथिन बी-१२ला पहिल्यांदा धरते. जठरातून दुसरे एक प्रथिन स्रवते, ते लहान आतड्यात त्याचा ताबा घेते. लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात त्या जोडीला ओळखणारे ग्राहक असतात. तेथून रक्तात तिसरा वाहक. या साखळीतली एक कडी सैल झाली, तरी ताटातले बी-१२ आल्या वाटेने निघून जाते. मधुमेहासाठी आई बारा वर्षे मेटफॉर्मिन घेत होती, आणि दीर्घकाळ घेतलेल्या मेटफॉर्मिनने बी-१२चे शोषण घटते. म्हणजे ताटात मुळात थोडे, आणि जे थोडे त्यालाही दारावर अडसर.

याहून चटका लावणारी बाब वेगळीच आहे. आईच्या मोठ्या आतड्यात बी-१२ तयार करणारे जिवाणू होतेच, प्रत्येकाच्या असतात. पण ते शोषून घेणारे आपले दार लहान आतड्यात, म्हणजे आधीच मागे राहून गेलेले. तेथे बनलेले बी-१२ आपल्या कामी येत नाही. त्यासाठी जिवाणूच आपसांत झुंजतात. बॅक्टेरॉइडिस कुळातल्या काही जिवाणूंनी तर कणगीच्या तोंडावर बीटीयू-जी नावाचे आणखी एक प्रथिन बसवले आहे, आणि त्याची पकड इतकी जबर की माणसाच्या जठरातल्या त्या वाहकाच्या हातातूनही ते बी-१२ हिसकावून घेऊ शकते, असे प्रयोगात दिसले आहे. धाकटीने या प्रथिनावर एक भाषण दिले होते. श्रोत्यांत हशा पिकला होता.

आता जे सांगायचे ते आम्हांला जड जाते. चपलेच्या दोन वर्षे आधी आईच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघाले होते. तिच्या डॉक्टरांनी लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या. त्या तिने नेमाने घ्याव्यात म्हणून आम्ही इथून रोज फोन करायचो, खाडे झाले की रागवायचो. सहा महिन्यांत हिमोग्लोबिन वर आले. आम्ही निश्चिंत झालो. पायांच्या मुंग्यांचे काय, असे तिने एकदा विचारले. साखरेमुळे असेल, असे तिथे सांगितले गेले आणि आम्हीही तेच म्हणालो.

फॉलिक आम्ल आणि बी-१२ रक्तपेशी घडवण्याच्या कामात एकमेकांना जोडून असतात. बी-१२ कमी पडले असताना भरपूर फॉलिक आम्ल दिले, तर रक्त सुधारलेले दिसते. नसांचे नुकसान आत चालूच राहते. वैद्यकाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ही सूचना आहे. गंमत अशी, की फॉलिक आम्लाची कथा सुरू होते ती आमच्याच मुलखात. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली, आणि गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर यीस्टचा अर्क गुणकारी ठरतो हे तिने दाखवले. तो अर्क म्हणजे मार्माइट. इथे आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर त्याची बाटली आहे. मुले पावाला लावून खातात. पुढे त्यातला गुणकारी घटक फॉलिक आम्ल असल्याचे कळले. लूसी विल्सची ही गोष्ट धाकटी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या लोकांतील बी-१२च्या कमतरतेवर किती वर्षे काम केले आहे, हेही तिला ठाऊक होते. ठाऊक असलेल्या गोष्टींची ही यादी तिने स्वतःच त्या रात्री मोजून दाखवली, आणि थोरलीला ती थांबवता आली नाही.

थोरलीचे अपराधीपण निराळे. आईच्या औषधांची बिले दरमहा तीच भरत होती. मेटफॉर्मिन आणि फॉलिक आम्ल एकाच पावतीवर, एकाखाली एक, चोवीस महिने.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. १०४ पिकोग्रॅम; छापील मर्यादा दोनशेपासून पुढे. डॉक्टरांनी तत्काळ इंजेक्शने सुरू केली, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला एक. इंजेक्शन थेट स्नायूत. लाळ, जठर, आतडे, सगळी दारे वगळून. औषध लाल असते. पहिल्या दिवशी सुईतला तो रंग पाहून आईने विचारले, "रक्त देतात का काय?"

दीड महिन्याने तिची जीभ बरी झाली. तिसऱ्या महिन्यात तिने फोनवर नातवंडांची नावे वयाच्या क्रमाने सांगितली, वर त्यांच्या वाढदिवसांच्या तारखाही. शाळेत हजेरी घेणाऱ्या बाईंचा तो जुना आवाज ऐकून आम्ही दोघी आपापल्या घरी रडलो. शब्दकोडे सोडवणे पुन्हा सुरू झाले. पाय मात्र पूर्ण परतले नाहीत. उजव्या पायाची बोटे अजून बधिर आहेत आणि ती तशीच राहतील, असे डॉक्टर सांगतात. नस फार काळ उपाशी राहिली की तिचे आवरण पूर्ववत होत नाही. ते दोन वर्षे आधी कळले असते तर, हे वाक्य आम्ही एकमेकींसमोर बोलत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात आई इकडे आली, तेव्हाची ती कणगीची गोष्ट. तिच्या माहेरी अंगणात शेणाने सारवलेली कणगी असे आणि खाली धान्य काढण्याचे भोक चिंधीच्या बोळ्याने बंद केलेले असे. चित्र फिरवून फिरवून पाहिल्यावर तिने विचारले, "एकदा ओढल्यावर बोळा परत कोण बसवतं?" धाकटीने सांगितले की तो उसवलेला भाग आपला आपण पुन्हा घडी घालून बसतो. आईने मान हलवली. मग म्हणाली, "आणि हे तू रोज पाहते?"

"रोज."

"छान काम आहे," आई म्हणाली. यात टोमणा नव्हता हे आम्हांला पक्के ठाऊक आहे. तिला टोमणे मारता येत नाहीत.

संध्याकाळी फिरायला निघताना ती दाराशी बसून नवे सँडल घालते. मागे पट्टा असलेले, आम्हीच आणलेले. पट्टा लावून झाला की हाताने दोन्ही पाय चाचपते, डोळ्यांनी खाली पाहून खात्री करते, मग उठते. "चला," म्हणते, आणि विचारते, "सुई कधी आहे, या शनिवारी की पुढच्या?"